पडता चेंडू झेलू नये

तमाम रत्नागिरीकर नागरिकांना, त्यातही आंबा बागायतदार बंधुभगिनींना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हवेतून खाली येणारी प्रत्येक वस्तू झेललीच पाहिजे असे नाही. काही वस्तू पडू द्याव्यात. ही घोषणा मी पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा पोटात असताना करत आहे. खरं तर रिक्षावर भोंगा लावून ती मिरकरवाड्यापासून मांडवीपर्यंत फिरवायची माझी इच्छा होती. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी पानं देऊ केली, आणि पानांना बॅटरी लागत नाही.

मी टेनिस शिकवते. रत्नागिरीत. हे वाक्य कुठल्याही लग्नाच्या पंगतीत उच्चारलं की शेजारची बाई विचारते, "टेबलटेनिस का?" नाही म्हटलं की, "मग बॅडमिंटन?" तेही नाही म्हटल्यावर ती सहानुभूतीने माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढायला सांगते. गावात मला कोचबाई म्हणतात. माझं शिक्षण, मी कुठल्या स्पर्धेत कितवी आले वगैरे मजकूर मी इथे गाळते आहे. तो वाचून आजवर कुणाचा फोरहँड सुधारलेला नाही.

आमच्या क्लबाची मांडवीतली कोर्टं तांबड्या मातीची आहेत. जांभ्याचा मुरूम चाळून पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या, आणि जूनमध्ये हे सगळं पावसाच्या हवाली करायचं. पावसाळ्यात कोर्टावर गुडघाभर गवत असतं आणि नेटच्या जागी खेकडे फिरतात. गणपती गेले की गवत उपटायला सुरुवात. बाजूला सरावाची भिंत आहे, तीही जांभ्याची, गिलावा न केलेली. जांभ्याला भोकं असतात. त्यामुळे मारलेला चेंडू कुठल्या कोनातून परत येईल हे त्या भिंतीलाही ठाऊक नसतं. पुण्याहून आलेले पाहुणे भिंतीला नावं ठेवतात. मी म्हणते, तुमच्या भिंती आज्ञाधारक आहेत, आमचीला स्वतःची मतं आहेत. पण तिच्यापुढे महिनाभर घालवलेल्या माणसाचे पाय कधी झोपत नाहीत.

ज्यांनी रॅकेट कधी धरली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोरहँड म्हणजे तळहाताच्या बाजूने मारायचा फटका. रॅकेटशी हस्तांदोलन करायचं, खांदा वळवायचा, चेंडू पोटासमोर असतानाच गाठायचा, आणि हात दुसऱ्या खांद्यापर्यंत जाऊ द्यायचा. मधेच थांबवायचा नाही. रत्नागिरीतली मुलं चालायला लागल्यापासून अंगणात क्रिकेट खेळतात, त्यामुळे माझ्याकडे आलेला प्रत्येक मुलगा पहिला चेंडू गुडघा टेकून नारळाच्या झाडांत भिरकावतो आणि "सिक्स!" म्हणून ओरडतो. त्याला हे समजावायला एक हंगाम जातो की, इथे कुंपणापलीकडे गेलेल्या चेंडूचे गुण समोरच्याला मिळतात.

सर्व्हिस त्याहून अवघड, कारण तिथे दोष द्यायला दुसरं कुणी नसतं. चेंडू आपणच वर टाकायचा आणि आपणच मारायचा. अर्धी सर्व्हिस त्या वर टाकण्यात असते. चेंडू फेकायचा नाही, हवेत ठेवायचा. उंच फळीवर तांब्या ठेवावा तसा.

आता मुख्य पात्रं रंगमंचावर आणते.

पहिले इक्बालभाई. आयुष्यभर मालवाहू बोटींवर नोकरी, निवृत्तीनंतर मिरकरवाड्यात घर. कोर्टावर ते दोन पाय फाकवून उभे राहतात, जणू जमीन आता डावीकडे कलणार आहे. आवाज असा की नेटपाशी बोलले तरी बंदरातल्या ट्रॉलरवरचा माणूस वळून बघेल.

दुसरे बाळादादा. हापूसचे बागायतदार, इक्बालभाईंचे शाळेच्या बाकापासूनचे दोस्त. दोघं माझ्याकडे आले ते डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून. एकाला साखर, दुसऱ्याला प्रेशर. ते डॉक्टर बंधूच आमच्या क्लबाचे दुहेरीचे कायमचे विजेते होते, हा योगायोग तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. पुढे कळलं की त्या डॉक्टर बंधूंना दरवर्षी हरवायला नवीन माणसं लागत.

पहिल्या दिवशी मी बाळादादांना सर्व्हिस शिकवायला घेतली. चेंडू त्यांनी इतका सुरेख वर टाकला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरळ, शांत, योग्य उंचीवर. मग ते पुढे झाले, हाताची ओंजळ केली आणि तो अलगद झेलला.

"दादा, मारायचाय तो."

"होय, होय."

पुन्हा वर. पुन्हा ओंजळ. वर त्यांनी झेललेला चेंडू नाकाशी नेऊन हुंगला, आणि माझ्याकडे बघून ओशाळले.

"सवय हो बाई. हातात आलं की वास घेतला जातो."

आठवडाभर त्यांनी एकही सर्व्हिस मारली नाही. इक्बालभाई पलीकडे रॅकेट घेऊन उभे राहून कंटाळायचे. "बाळ्या, मी घरी जाऊन जेवून येऊ काय? तोवर पिकेल तो."

दोष बाळादादांचा नव्हता, धंद्याचा होता. हापूस काढतात तो झेल्याने. लांब काठीच्या टोकाला जाळी आणि एक पातं. पात्याने देठ कापायचा, आंबा जाळीत यायला हवा. जमिनीवर आपटलेला हापूस बाहेरून चकचकीत दिसतो पण आतून कुजायला लागलेला असतो. तो पेटीत भरला तर शेजारच्या आंब्यांनाही घेऊन बुडतो. बाळादादा त्याला एका वाक्यात निकालात काढत. "पडला तो मेला." लहानपणापासून हे वाक्य ऐकलेल्या माणसासमोर मी गोल, मुठीएवढी वस्तू वर टाकत होते आणि म्हणत होते, हिला फटका मारा.

मग मी धंद्यालाच शिकवणीला घेतलं. म्हटलं, दादा, चेंडू टाकायचा नाही, उंच फांदीवर ठेवायचा. आणि रॅकेट म्हणजे झेला. टाचा उचला, अंग ताणा, देठ गाठा. त्या दिवशी त्यांनी पहिली सर्व्हिस मारली. ती इक्बालभाईंच्या टोपीवरून सूं करत गेली आणि मागच्या जाळीत अडकली. इक्बालभाईंनी टोपी काढून नीट पाहिली. "अरे, हा तर तोडायलाच लागला!"

फोरहँडचंही तसंच. सुरुवातीला ते चेंडू पलीकडे मारत नसत, अढीतल्या गवतात आंबा मांडावा तसा ठेवून येत. त्यावर माझ्याकडे भिंत होती. जांभ्याच्या भिंतीसमोर हळुवारपणा टिकत नाही. दोन पावसाळ्यांमध्ये बाळादादांचा फोरहँड असा झाला की, थोरले डॉक्टर त्यांच्या बाजूला चेंडू मारायचं टाळू लागले. हे मी जरा कॉलर ताठ करून लिहिते. माझ्या हाताखालून आजवर एकही राष्ट्रीय विजेता निघाला नाही. बरी मुलं दहावी झाली की पुण्या-मुंबईला जातात आणि फेसबुकवर 'हॅपी बर्थडे मॅम' लिहितात. त्याचं वाईट वाटतं. पण पन्नाशी उलटलेल्या बागायतदाराचा फोरहँड घडवणं ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. करून बघा.

आणि मग गेल्याच्या आधीच्या वर्षीची, म्हणजे त्यांची पहिली, फायनल आली.

आमची दुहेरी स्पर्धा थंडीत असते, मोहोर फुटायच्या सुमारास. हे दोघे अंतिम सामन्यात पोचले. समोर डॉक्टर बंधू. शेवटी यांना जिंकायला एकच गुण हवा होता. धाकट्या डॉक्टरांनी घाबरून चेंडू वर उडवला. तो इतका बाहेर चालला होता की, तो कोर्टात पडणार नाही हे वडापाव खाणाऱ्या प्रेक्षकांनाही दिसत होतं. करायचं काही नव्हतं. फक्त बघत राहायचं. इक्बालभाईंनी बंदरभर ऐकू जाईल असा आवाज दिला, "बाळ्या, सोड!"

बाळादादा मागे धावले. रेषेच्याही मागे, पार कुंपणापर्यंत. रॅकेट टाकली, ओंजळ केली, आणि चेंडू छातीशी अलगद झेलून हसत वळले.

टेनिसचा नियम निर्दय आहे. चेंडू जमिनीला टेकण्याआधी तुमच्या अंगाला लागला तर गुण गेला, मग तुम्ही रेषेच्या बाहेर उभे असा नाहीतर थेट भाट्याच्या पुलावर. पंचाच्या उंच खुर्चीवर मीच होते. मलाच तो गुण डॉक्टरांना द्यावा लागला. त्यानंतर सामना कसा घसरत गेला ते सांगत नाही. बाळादादा हरल्यावरही चेंडू हातात धरून उभे होते, आणि त्यांची बायको सुनंदावहिनी व्हरांड्यातून म्हणत होत्या, "आता वास तरी घेऊ नका हो!"

इक्बालभाई त्या दिवशी चहालाही न थांबता घरी गेले.

पुढे उन्हाळ्यात खरी बातमी कळली. इक्बालभाईंचा मुलगा मस्कतला असतो. बायको गेल्यापासून इक्बालभाई एकटे, मुलगा सारखा बोलावत होता, आणि शेवटी त्यांनी हो म्हटलं होतं. पुढची थंडी इथे काढायची आणि जायचं. कायमचं.

"फळीवर एकदा नाव यायला हवं होतं," ते मला म्हणाले. क्लबाच्या व्हरांड्यात सागवानी फळी आहे, तिच्यावर विजेत्या जोड्या रंगवलेल्या आहेत. खालच्या सगळ्या ओळी डॉक्टरांच्या. "माझं एकट्याचं नको. बाळ्याचं आणि माझं, एका ओळीत. नातवाला फोटो दाखवीन. म्हणेन, बघ, हा तुझा आजोबा, आणि हा तो बावळट."

बाळादादा मात्र या विषयावर चकार शब्द काढत नसत. इक्बालभाईंनी तिकिटाचं नाव काढलं की हे रॅकेटच्या तारा सरळ करत बसत. कुणी "इक्बालभाई चालले म्हणे?" विचारलं की, "कोण? छे. बघू." वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "झोपेत बडबडतात. 'धर, धर' म्हणतात. मला वाटायचं आंबा."

तेव्हा मी ठरवलं की, या माणसाला एक गोष्ट पडू द्यायला शिकवायचीच.

हात मागे बांधून उभं केलं आणि समोर चेंडू टाकले. हात सुटून आले. खिशात हात घालायला लावले. खिसा फाटला. दोन्ही हातांत भरलेले पाण्याचे ग्लास दिले, तर ग्लास टाकून चेंडू झेलला. इक्बालभाई म्हणाले, "आता ग्लास पडले ते चालतंय वाटतं?" मी बाळादादांना डोळे मिटायला सांगितलं. मिटलेल्या डोळ्यांनी त्यांनी आवाजावरून झेलला. खरं सांगते, झेलण्याचं राष्ट्रीय पदक असतं तर मी आज ही पानं लिहीत नसते, मुलाखती देत असते.

उपाय सापडला तो कोर्टावर नाही, त्यांच्या बागेत. मे महिना होता. आम्ही तिघं अंगणात चहा घेत होतो. वहिनी मागे पेट्या भरून घेत होत्या. एवढ्यात फाटकापाशी धप्प असा आवाज झाला. मी दचकून उभी राहिले.

"दादा! आंबा पडला!"

बाळादादांनी मानही वळवली नाही. बशीत चहा ओतला. "तो रायवळ. तो पडायचाच."

आणखी एक धप्प. त्यांनी फुंकर मारून चहाचा घोट घेतला.

आंबा न पिकणाऱ्या मुलखातल्या वाचकांसाठी सांगते. रायवळ म्हणजे कोयीपासून आपोआप उगवलेल्या झाडाचा आंबा, चोखून खायचा. ते झाड इतकं उंच की त्यावर कुणी झेला घेऊन चढत नाही. पिकला की तो स्वतः पडतो, आणि येणारा-जाणारा उचलून खातो. हापूस पडला की घरात सुतक, आणि रायवळ पडला की कुणी बघतही नाही. एकाच माणसाच्या अंगणात, एकाच वाऱ्यात!

मी कप खाली ठेवला. इक्बालभाईंनीही ठेवला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग बाळादादांकडे.

"काय झालं?" ते बशीवरून म्हणाले.

त्यानंतर पावसाळा येईपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही. मी चेंडू टाकायची आणि इक्बालभाई ओरडायचे. "हापूस!" म्हटलं की चेंडू आपला, जीव तोडून गाठायचा. "रायवळ!" म्हटलं की पडू द्यायचा. पहिल्या दिवशी "रायवळ!" ऐकल्यावर बाळादादांचे हात वर आले, ओंजळ होता होता थांबले, आणि खाली गेले. चेंडू त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता दोन फुलं वाहतील. पण उचलला नाही! इक्बालभाईंनी त्यांना मिठी मारली. "शाब्बास रे मेल्या. आता गावभर पेढे वाटतो."

गणपतीनंतर कोर्टं पुन्हा घडली. थंडी आली. मांडवीचे लोक कोर्टाभोवती जमू लागले, कारण "हापूस! रायवळ!" हे काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. एका बाईंनी मला भाव विचारला.

दोघं पुन्हा अंतिम सामन्यात पोचले. समोर अर्थात डॉक्टर बंधू. पंचाच्या खुर्चीवर पुन्हा मी.

थोरले डॉक्टर वरवर सौम्य, पण आत खट्याळ माणूस. गेल्या वेळचा झेल ते विसरले नव्हते. त्यांनी पहिल्यापासूनच बाळादादांच्या डोक्यावरून उंच चेंडू उडवायला सुरुवात केली, काही आत, काही मुद्दाम जरासे बाहेर. प्रत्येक वेळी इक्बालभाईंचा आवाज घुमायचा. "हापूस!" की बाळादादा मागे जाऊन असा फोरहँड हाणायचे की जांभ्याच्या भिंतीला अभिमान वाटावा. "रायवळ!" की ते हात मागे बांधून, तोंड फिरवून उभे राहायचे. चेंडू बाहेर पडायचा आणि व्हरांड्यात टाळ्या. डॉक्टरांच्या कपाळावर मला आयुष्यात पहिल्यांदा घाम दिसला. त्यांच्या सगळ्या पेशंटांना दिसला, आणि सगळ्यांना फार बरं वाटलं.

ऊन उतरलं. समुद्राच्या बाजूने सूर्य अगदी खाली आला आणि नेटपासून मागे वळलं की थेट इक्बालभाईंच्या डोळ्यांत शिरू लागला. आणि तेव्हाच, नेमका तेव्हाच, यांना जिंकायला तोच एक गुण उरला.

बाळादादांनी सर्व्हिस केली. फांदीवर ठेवली, देठ गाठला. धाकट्या डॉक्टरांनी कशीबशी परतवली. इक्बालभाईंनी नेटवरून ठोकली. थोरले डॉक्टर धावत मागे गेले आणि त्यांनी चेंडू उडवला, असा उंच की आम्ही सगळ्यांनी माना मागे टाकल्या. तो वर गेला, तिथे थोडा रेंगाळला, आणि बाळादादांच्या मागच्या रेषेकडे यायला लागला.

मी इक्बालभाईंकडे पाहिलं. ते वळले होते, हात कपाळाशी धरला होता, डोळे मिचकावत होते. त्यांना चेंडू दिसत नव्हता. तोंड उघडलेलं होतं पण आवाज नव्हता. कुठला शब्द उच्चारायचा तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

बाळादादांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. वाट पाहिली. सगळा हंगाम ज्या आवाजावर ते खेळले, तो आला नाही. पुढच्या महिन्यापासून तो यायचाच नव्हता.

मग ते मागे सरकले. रेषेच्या मागे. रॅकेट गळून पडली. दोन्ही हात वर गेले, ओंजळ झाली. व्हरांड्यात कुणीतरी "गेलं!" म्हणालं. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

ओंजळ हवेत थांबली. बोटं हलली. मग ते हात सावकाश खाली आले, पाठीमागे गेले, आणि एकमेकांत गुंतले. बाळादादांनी डोळे घट्ट मिटले.

धप्प.

रेषेच्या वीतभर बाहेर. तांबड्या मातीत गोल ठसा, माझ्या खुर्चीवरूनही स्वच्छ दिसणारा. मला फक्त "आऊट" म्हणायचं होतं. आयुष्यभर मी हा शब्द हजारो वेळा उच्चारला आहे, झोपेतही उच्चारेन, पण तेव्हा मी त्या ठशाकडे नुसती बघत बसले. डॉक्टर बघत होते, इक्बालभाई सूर्याकडे हात धरून तसेच, आणि बाळादादा डोळे मिटून, हात मागे, ओठ दाबून, देवासमोर उभे राहावं तसे उभे. कुणीच हलेना.

आणि मग व्हरांड्यातून, सगळा जन्म पडलेल्या आंब्यांवर हळहळण्यात घालवलेल्या सुनंदावहिनी खुर्चीवरून ताडकन उठल्या आणि नवऱ्यावर ओरडल्या,

"अहो, डोळे उघडा! पडला, आणि कोणी मेला नाही!"